शेऱ्याचा रकाना

जवाहर चौकातून जायचं मी बरीच वर्षं टाळलं. आम्ही अवधपुरीत राहतो. टी. टी. नगरकडे काही काम निघालं की सोपा रस्ता चौकातूनच जातो, पण मी गाडी लांबून घ्यायचो. बायकोने विचारलं तर सांगायचो, तिथे पार्किंगची बोंब असते. तिला ते खरं वाटायचं की नाही, कोण जाणे. चौकात एक ब्लाउज शिवायचं, पिको-फॉलचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर काका राहतात. काकांच्या खऱ्या आकड्यांना मी छापील अहवालात चूक ठरवलं होतं. ते मला त्यांच्यासमोर कबूल करायचं होतं आणि जिथे छापलं तिथेच दुरुस्तही करायचं होतं. दोन्हींपैकी काहीच करत नव्हतो, म्हणून लांबून जात होतो.

भोपाळच्या कडेला असलेल्या एका शेती संशोधन संस्थेत मी नोकरी करतो. मूळचा अकोल्याकडचा. नोकरी लागून इथे आलो तेव्हा वाटलं होतं, चार-पाच वर्षांत महाराष्ट्रात बदली मिळेल. ती मिळाली नाही आणि पुढे मी मागितलीही नाही. माझं काम संगणकावरच्या पीक-मॉडेलचं. रोजचं ऊन, पाऊस, तापमान, मातीचे थर, वाणाचे गुण आणि पेरणीची तारीख एवढं त्याला दिलं की पीक कधी उगवेल, कधी फुलावर येईल, किती दाणा देईल हे तो प्रोग्राम दिवसागणिक हिशेब करून सांगतो. शेतात एक पीक घ्यायला चार महिने लागतात. मॉडेलमध्ये समोरचा चहा निवायच्या आत तीस वर्षांचे हंगाम निघतात. पेरणी दहा दिवस आधी केली तर? पाऊस मध्येच तीन आठवडे थांबला तर? शेतात एकेका प्रश्नाला एकेक वर्ष द्यावं लागतं, आणि माणसाकडे वर्षं मोजकी असतात. हे काम मला मनापासून आवडायचं, आजही आवडतं. दोष मॉडेलचा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

मॉडेलला आधी शिकवावं लागतं. खऱ्या शेतातल्या खऱ्या नोंदी द्यायच्या आणि त्याचं उत्तर त्यांच्याशी जुळेपर्यंत आतले आकडे हळूहळू सरकवायचे. आमच्याकडे त्यासाठी एक जुना प्लॉट होता. काळी, भारी जमीन. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू. दरवर्षी तेच पीक, त्याच जागी, त्याच पद्धतीने, एकवीस वर्षं. आणि एकवीस वर्षं त्याच्या नोंदी एकाच माणसाने ठेवल्या होत्या. ते काका.

काका ग्वाल्हेरचे. त्यांच्या घराण्यात मराठी किती पिढ्यांपासून आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि ग्वाल्हेरची हिंदी तिच्यात इतकी मुरली होती की दोन्ही वेगळ्या काढता आल्या नसत्या. पदाने ते निरीक्षक, म्हणजे प्लॉटवर रोज जाऊन मोजमाप करणारा माणूस. सगळी संस्था त्यांना काका म्हणायची, संचालकसुद्धा. मी वयाने आणि अनुभवाने लहान, पण पदाने वर. म्हणून ते मला 'साहेब' म्हणायचे, आणि त्या 'साहेब'मध्ये कधी किती आदर आणि किती चिमटा आहे हे सुरावरून ओळखावं लागायचं.

सकाळी साडेसातला ते प्लॉटवर हजर. गिरमिटाने जमिनीत भोक पाडून वेगवेगळ्या खोलीची माती काढायची, ॲल्युमिनियमच्या डब्यांत भरायची, ओली असताना तोलायची, भट्टीत वाळवून पुन्हा तोलायची. किती झाडांना फूल आलं ते वाकून मोजायचं. पहिल्या वर्षी मीही त्यांच्याबरोबर वाकायचो. माझी कंबर दुखायला लागली की ते म्हणायचे, "साहेब, पीएचडी मे ये नहीं सिखाया क्या? कंबर मोडायचा पेपर नव्हता?"

वर्षातला एक दिवस मला अजून आठवतो, खरं तर तेवढाच आठवावासा वाटतो. फाल्गुनात गव्हाच्या ओंब्यांमध्ये दाणा भरून दुधाळ, मऊ होतो. तेव्हा काका प्लॉटच्या कडेच्या ओळी कापायचे. प्रयोगात कडेच्या ओळी मोजत नाहीत. तिथल्या झाडांना एका बाजूने जास्त ऊन आणि वारा मिळतो, म्हणून ती उत्पादनात धरत नाहीत. "जे मोजायचं ते सरकारचं, जे मोजायचं नाही ते आपलं," असं काका म्हणायचे. मग अवजारांच्या शेडमागे काटक्यांचा जाळ करून ते त्यावर ओंब्या भाजायचे. मजूर बायका, ट्रॅक्टरवाला, आम्ही सगळे हातावर चोळून, फुंकून तो गरम दाणा खायचो. हात काळे, ओठ काळे. एकदा संचालक पाहुण्यांना घेऊन अचानक आले, तर काकांनी त्यांच्याही हातावर ओंब्या ठेवल्या. पाहुणे गेल्यावर दिवसभर कुणीतरी संचालकांच्या मिशीवरच्या काजळीचा विषय काढत होतं.

आता त्या वर्षाबद्दल.

मला मॉडेलच्या वरच्या प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जायचं होतं. गाडी दुपारची होती. त्या हंगामात सोयाबीनच्या पेरणीच्या तारखा आम्ही आधीच कागदावर ठरवलेल्या होत्या, कारण मॉडेल शिकवायला ठराविक तारखा लागतात, आणि ठरलेली तारीख नेमकी गाडीच्या आदल्या दिवसाची होती. पाऊस होऊन दोनच दिवस झाले होते. पाऊस थांबल्यावर काळी माती आधी चिखल असते, मग हळूहळू ना चिखल ना कोरडी अशी पेरणीजोगी होते. त्या अवस्थेला आपण वाफसा म्हणतो, इथले शेतकरी बतर म्हणतात. काकांची तो ओळखायची रीत साधी होती. मूठभर मातीचा गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर वाफसा आहे. चपटा होऊन बसला तर नाही.

त्यांनी गोळा सोडला. तो पोळीच्या कणकेसारखा थपकन बसला.

"बघा साहेब. दोन दिवस थांबा."

"काका, तारीख ठरलेली आहे. कागदावर आहे."

"मग कागदातच पेरा ना. ट्रॅक्टर कशाला बोलावला?"

ट्रॅक्टरवाला हसला. बांधावर बसलेल्या बायकाही हसल्या. एकीने दुसरीच्या पाठीवर थापसुद्धा मारली. आज ते आठवलं की मलाही हसू येतं. तेव्हा आलं नाही. मला वाटलं, हा माणूस माझी सगळ्यांसमोर फजिती करतोय. मी म्हणालो, "काका, मी सांगतोय ना, पेरा." आवाज जरा चढलाच होता.

काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ट्रॅक्टरवाल्याला हात केला. "चला भैया. साहेब बोलले."

पेरणी झाली. मी प्रशिक्षणाला गेलो. ओल्या मातीत पेरणीयंत्राच्या फाळाने सऱ्यांच्या कडा चोपून गुळगुळीत झाल्या होत्या. मग चार दिवस कडक ऊन पडलं आणि वरती पोपडा धरला. खालच्या, नाल्याकडच्या बाजूला अर्ध्याहून जास्त रोपं तो पोपडा फोडून वर येऊच शकली नाहीत. मी परत आलो तेव्हा तिथे टक्कल पडल्यासारखी जागा दिसत होती. काकांनी विरळ झाडं मोजली, विरळ झाडांचं उत्पादन तोललं आणि जे आलं ते वहीत लिहिलं.

मॉडेलने त्या वर्षी चांगलं पीक दाखवलं होतं. मॉडेलला पाऊस, ऊन, तारीख माहीत होती. ओल्या मातीत एका हट्टी माणसाने पेरायला लावलं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या वर्षी अहवाल लिहायला बसलो तेव्हा आलेखावर वीस ठिपके रेषेच्या जवळ होते आणि एक दूर खाली पडला होता. तो एक ठिपका काढला की आलेख देखणा दिसत होता. तसं एखादं वर्ष वगळता येतं, त्यात गैर काही नाही, फक्त कारण सांगावं लागतं. खरं कारण लिहायचं तर वाफसा नसताना पेरणी झाली असं लिहावं लागलं असतं, आणि मग कुणी पेरायला लावली हा प्रश्न आला असता. मी लिहिलं: 'निरीक्षकाच्या नोंदींतील चुकीमुळे त्या वर्षीचे आकडे विश्वासार्ह नसल्याने वगळले आहेत.' हे वाक्य लिहायला मला एक मिनिटही लागलं नाही. मला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं असं मी कधीकधी स्वतःला पटवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. माहीत होतं.

एकवीस वर्षांत प्लॉटवर निरीक्षक एकच होते. त्यामुळे नाव न लिहिताही ते कुणाला म्हटलंय हे सगळ्यांना कळलं.

अहवाल छापून आला, सगळ्यांना एकेक प्रत मिळाली, काकांनाही. तीन-चार दिवसांनी ते माझ्या खोलीत आले. बसले नाहीत. हातातला गठ्ठा टेबलावर ठेवला.

"वह्या जमा करतोय साहेब. एकवीस आहेत. बघून घ्या."

"एवढी घाई काय आहे काका? असू द्या तुमच्याकडे."

"नको. आमचं लिखाण आता विश्वासाचं नाही राहिलं ना."

ते एवढंच म्हणाले. मला बोलायला भरपूर वेळ होता. दारापर्यंत जायला त्यांना नेहमी वेळ लागायचा, गुडघा दुखायचा त्यांचा. मी त्यांच्या पाठीकडे बघत बसलो.

त्याच वर्षी एका बैठकीत मी मॉडेल मांडलं. देखणा आलेख सगळ्यांना आवडला. कुणीतरी विचारलं, "मॉडेल इतकं जुळतंय, तर मग हा प्लॉट चालू ठेवायची गरज काय?" खरं उत्तर मला माहीत होतं. मॉडेल प्लॉटचं काम पुढे नेतं, त्याची जागा घेत नाही. शिकवणारा गेला की शिकलेला हळूहळू आपल्याच चुका पाठ करत बसतो. पण मघाशी मीच म्हटलं होतं की मॉडेल पुरेसं आहे. आणि खरं सांगायचं तर तो प्लॉट माझ्या डोळ्यांसमोर नसेल तर बरं, असंही मनात कुठेतरी होतं. मी गप्प राहिलो. प्लॉट बंद झाला. काकांचं शेवटचं वर्ष स्टोअरमध्ये खुर्च्या आणि पंख्यांच्या याद्या करण्यात गेलं. त्या फाल्गुनात शेडमागे जाळ झाला नाही. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमाला मी नव्हतो. प्रिंटरचं काहीतरी आणायचं म्हणून एम. पी. नगरला गेलो आणि तिथे एका दुकानाबाहेर कार्यक्रम संपेपर्यंत उभा राहिलो.

प्लॉटवर नंतर सोलर पॅनल बसले. माझ्या खोलीच्या खिडकीतून ते दिसतात. वीज स्वस्त झाली, एसी आला. उन्हाळ्यात पॅनलखालच्या काळ्या मातीला भेगा पडतात तशाच, पण आत हात घालून त्यांची खोली मोजणारं कुणी नाही.

मॉडेल मी रोज चालवतो. तो प्लॉट त्याच्यात अजून आहे. काल पडलेला पाऊस टाकला की तिथे नसलेलं सोयाबीन उगवतं. हिवाळ्यात तिथे नसलेल्या गव्हात दाणा भरतो. ओंब्या भाजायचा दिवस कुठला हे स्क्रीन मला बिनचूक सांगते. दरवर्षी तो दिवस आला की मी नकळत खिडकीतून शेडकडे बघतो. मॉडेलमध्ये कडेच्या ओळी नसतात. त्यांची कुणाला गरजच पडली नाही.

हे असंच चाललं असतं. गेल्या वर्षी आमच्याकडे एक नवीन मुलगी आली, इंदूरच्या मराठी घरातली. हुशार आणि बोलायला मोकळी. माझ्याच मॉडेलवर तिला पुढचं काम करायचं होतं. आठ दिवसांत ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"सर, हे एक वर्ष मिसिंग का आहे?"

"अहवालात कारण दिलंय."

"ते वाचलं मी. पण सर, चूक म्हणजे काय चूक? बाकी वीस वर्षं या माणसाची एकही नोंद इकडची तिकडे नाही. एकदम परफेक्ट. मग एकाच वर्षी काय झालं, भांग प्यायली होती का?"

मी हसल्यासारखं केलं. ती म्हणाली, मूळ वह्या बघते. मी नको म्हणू शकत होतो. कपाटाची किल्ली काढून दिली. का दिली हे मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुतेक इतक्या वर्षांत ती मागणारं कुणी आलंच नव्हतं.

दुपारी तिने मला हाक मारली. वहीच्या प्रत्येक पानावर उजवीकडे शेवटचा रकाना होता: शेरा.

"सर, हा रिमार्क्सवाला कॉलम एंटरच नाही केला का?"

नव्हता केला. एकवीस वर्षांचे आकडे संगणकात घातले होते आणि शेऱ्यातलं एक अक्षर नाही. मॉडेलमध्ये शेरा घालायला जागाच नसते. ज्या रकान्याला जागा नाही तो आम्ही वाचतही नव्हतो. मी खाली बसलो आणि आम्ही दोघं वाचत गेलो. काकांचं बारीक, उभं अक्षर. 'नीलगाय दक्षिणेकडून शिरली. तीन मीटर खाल्ले.' 'पर्जन्यमापकात चिमणीने काडी टाकली. काढली.' 'साहेबांची कंबर धरली.' मग एका पानावर: 'साहेबांना मुलगी झाली. पेढे. नमुने उद्या.'

"ही सायली का सर?" असं काहीतरी ती विचारत होती, माझ्या मुलीचं नाव तिला टेबलावरच्या फोटोमुळे माहीत होतं. मी मान हलवली आणि पुढची वही स्वतःच उघडली, कारण ते पान तिच्या आधी मला बघायचं होतं.

पेरणीच्या तारखेसमोर लिहिलं होतं: 'माती पायाला चिकटते. गोळा बसतो, फुटत नाही. वाफसा नाही. पेरले.'

साहेब बोलले म्हणून, असं तिथे नव्हतं. मला वाटत होतं असेल. इतकी वर्षं मी ती वही त्या भीतीनेच उघडली नव्हती, आणि तिथे माझं नावच काय, साधा उल्लेखही नव्हता. एवढं वाचून मुलीने माझ्याकडे पाहिलं. ती काही विचारायच्या आत मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती काही बरं वाटेल असं म्हणेल. ती म्हणाली, "मग सर, ते वर्ष परत घालू या ना. मॉडेलला हेच तर माहीत नाहीये. म्हणून ते भारी जमिनीत लवकर पेरा म्हणतं."

ज्या वर्षाने त्याला काही शिकवलं असतं तेच मी त्याच्यापासून लपवलं होतं.

आम्ही ते वर्ष परत घातलं. आलेख बिघडला. मी शुद्धिपत्राचा मसुदा लिहिला. पण तो छापायला देण्याआधी एका माणसाला दाखवायला हवा होता. फाल्गुनातल्या एका रविवारी मी मिठाईचा डबा आणि वहीच्या त्या पानाची झेरॉक्स घेऊन जवाहर चौकात गेलो. गाडी लावायला जागा चटकन मिळाली.

दुकानात काकांची मुलगी मशीनवर होती. तिने मला ओळखलं. "वर आहेत. जा. पण कॅलेंडरबद्दल काही बोलू नका हं, आजच भांडण झालंय."

काका गॅलरीत खुर्चीवर बसले होते. केस पूर्ण पांढरे, गुडघ्याला पट्टा. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"या साहेब. बदली झाली होती का कुठे?"

"नाही काका. इथेच आहे. अवधपुरीत."

"अच्छा, अवधपुरी. बहुत दूर पडता है." मग डब्याकडे बघून म्हणाले, "शुगरवाल्याला मिठाई? आणि फागुनात आलात तर ओंब्या कुठायत?"

"काका, प्लॉट नाही ना आता."

"हां," ते म्हणाले. "प्लॉट नाही."

भिंतीवर कॅलेंडर होतं आणि प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने आकडे होते. गच्चीवर एक सरळ कडांचा डबा ठेवून ते रोज पाऊस मोजतात, पाऊस नसेल तर शून्य लिहितात. मुलगी चहा घेऊन वर आली, म्हणाली, "बघा, दूधवाल्याचे खाडे लिहायला जागा नाही ठेवत. शून्य लिहायला कशाला जागा लागते?"

"शून्य ही पण नोंद असते," काका म्हणाले. ती कप आपटून खाली गेली.

मी झेरॉक्स त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. गोळा कसा बसला, बायका कशा हसल्या, मी का चिडलो, वाक्य कसं लिहिलं, निरोपाच्या दिवशी कुठे होतो. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग मी मसुदा वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की त्या वर्षीच्या नोंदी अचूक होत्या, निरीक्षकांवर अन्याय झाला, त्यांच्या अनेक वर्षांच्या निष्ठेचा अवमान झाल्याबद्दल लेखक क्षमाप्रार्थी आहे, वगैरे.

काका म्हणाले, "हे काय आहे? लग्नातलं भाषण?"

"काका, मला खरंच..."

"साहेब, शेऱ्यात रडगाणं नाही लिहीत. काय झालं ते लिहितात. पेन आहे?"

त्यांनी मसुद्यावर रेघ मारली. निष्ठा गेली, अन्याय गेला, क्षमा गेली. "लिहा. अमुक तारखेला वाफसा नव्हता. तरी पेरणी झाली. उगवण कमी झाली म्हणून उत्पादन कमी. नोंदी बरोबर आहेत. बस."

मी लिहिलं.

"आता पुढचं लिहा. पेरणी कुणी करायला लावली ते."

मी पेन खाली ठेवलं. म्हणालो, "तुम्ही स्वतः ते लिहिलं नव्हतं. वहीत."

"मी कशाला लिहू? ते मी मोजायचं नव्हतं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "ते तुम्ही लिहायचं होतं. मी वाट बघितली. रिपोर्ट आला तेव्हा वाटलं, आता लिहिलं असेल." ते माझ्याकडे बघत नव्हते. "एक साल स्टोअरमध्ये पंखे मोजले मी. पण ते पंखे बरोबर मोजले, हे पण लिहून ठेवा पाहिजे तर."

मी लिहिलं: पेरणीचा निर्णय माझा होता. खाली माझं नाव. त्यांनी पूर्ण मजकूर मला पुन्हा वाचायला लावला, एका ठिकाणी तारीख तपासली, आणि मान हलवली. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि मी विचारलंही नाही.

निघताना मात्र त्यांनी विचारलं, "मॉडेलात ते साल घातलं का?"

"घातलं."

"मग?"

"आता आधीसारखं जुळत नाही."

काका पहिल्यांदा मोकळेपणाने हसले. "अरे वा! मग आता जरा कामाचं झालं असेल." जिन्यापर्यंत आले, कठडा धरून उभे राहिले. "सोलरच्या आणि कुंपणाच्या मध्ये काय आहे आता?"

"गवत. मोकळी पट्टी आहे."

"किती रुंद?"

"असेल दीड-दोन मीटर."

त्यांनी मनात काहीतरी मोजलं. "कडेच्या चार ओळी बसतात," म्हणाले आणि आत गेले.

शुद्धिपत्र उन्हाळ्यात छापून आलं, शेवटच्या पानावर, पाच ओळींचं. बैठकीत एकाने विचारलं की आता जुन्या निष्कर्षांचं काय, मी म्हणालो, तपासावे लागतील. ते काम मी आणि ती इंदूरची मुलगी करतो आहोत. त्यात बराच वेळ जाईल. माझ्याशी त्यावर कुणी फार बोललं नाही. बायकोने ते पान वाचून विचारलं, "म्हणून लांबून जायचास होय?" आणि ती भाजी निवडायला लागली.

त्या पट्टीसाठी मी अर्ज दिला आहे. चार ओळी गहू, कुठल्याही प्रयोगात न मोजायचा. 'हेतू' या ओळीत काय लिहावं हे सुचेना, ती कोरीच ठेवली. उत्तर अजून आलेलं नाही. पावसाळा मात्र संपला आहे. काल सकाळी साडेसातला मी कुंपणाशी गेलो, मूठभर माती उचलून गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. तो अर्धा फुटला आणि अर्धा तसाच बसला. याला वाफसा म्हणायचं की नाही, मला सांगता येईना. दुसरा गोळा सोडला, तोही तसाच. मातीचा एक डबा भरून घेतला आहे. दुपारी जवाहर चौकात जाऊन विचारणार आहे.